सागरतळाचा स्वामी आणि त्याचा कर्ता ज्यूल व्हर्न

ज्या गावाचे नाव आपल्या शेजारच्या तालुक्याने धारण केले आहे ते जुने आंबेगाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण बांधले गेले आणि घरे, देवळे, बाजारपेठ, पायवाटा ह्या सर्वांवर जलाशयाचे पाणी चढले. त्या जलाशयास तालुक्याचेच सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव दिलेले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे जुन्या बांधकामांचे अवशेष वर डोकावतात आणि पावसाळा आला की पुन्हा नाहीसे होतात. अशा पाण्याच्या काठी उभे राहिलेल्या मुलाच्या मनात खाली काय असेल, तेथवर कसे जाता येईल, हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. समुद्र आपल्या जुन्नरपासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे; परंतु हा प्रश्न समुद्रकाठच्या मुलाइतकाच आपल्या मुलांच्याही ओळखीचा आहे. ह्याच प्रश्नाच्या बळावर एका फ्रेंच ग्रंथकाराने एक कादंबरी लिहिली. तिच्यावरून १९५४ साली अमेरिकेत वॉल्ट डिस्ने ह्यांच्या चित्रसंस्थेने जो बोलपट काढला, तो सत्तर वर्षे लोटली तरी आबालवृद्ध आवडीने पाहत आहेत. त्या कथेचा नायक कॅप्टन नेमो जगप्रसिद्ध आहे. पण तो नायक कोण व कोठला, ह्याचा उलगडा करावयाचा तर त्याच्या कर्त्याचे चरित्र पाहणे भाग आहे.

ज्यूल व्हर्न ह्याचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत ह्या शहरी झाला. हे शहर ल्वार नदीच्या काठी वसलेले असून तेथून समुद्र फार दूर नाही. त्या काळी मोठी गलबते नदीतून थेट शहरापर्यंत येत. व्हर्नचे जन्मस्थान नदीच्या पात्रातील एका बेटावर होते, त्यामुळे डोलकाठ्यांचे रान, डांबराचा वास आणि परदेशी मालाचे ढीग त्याने समज आल्यापासूनच पाहिले. वडील पिएर व्हर्न वकिली करीत. पाच भावंडांत ज्यूल थोरला. त्याच्या पाठचा भाऊ पॉल हा त्याचा जन्मभराचा जिवलग.

त्याच्या पहिल्या शाळेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. शाळा चालविणाऱ्या बाई एका जहाजाच्या कप्तानाच्या पत्नी होत्या. त्यांचा पती तीस वर्षांपूर्वी समुद्रावर गेला तो परत आलाच नव्हता. बाई मुलांना सांगत की, आपला पती रॉबिन्सन क्रूसोसारखा कोणत्या तरी निर्जन बेटावर अडकला असून एक ना एक दिवस तो खास परत येईल. सहा वर्षांच्या मुलाने ही गोष्ट दररोज ऐकली तर त्याच्या मनात काय रुजेल, हे सांगावयास नको. पुढे व्हर्नने निर्जन बेटांच्या कथा किती लिहिल्या हे पाहिले म्हणजे त्या बाईंचे ऋण ध्यानात येते.

ज्यूल अकरा वर्षांचा असताना नात्यातील एका बहिणीसाठी पोवळ्यांची माळ आणावी म्हणून खलाशीपोऱ्या होऊन जहाजावर चढला, बापाने पुढच्या बंदरात त्याला पकडून आणले आणि ह्यापुढे केवळ मनानेच प्रवास करीन असे त्याच्याकडून वदवून घेतले, अशी एक आख्यायिका आहे. ती त्याच्या एका नातलग बाईंनी लिहिलेल्या चरित्रातून पसरली. अलीकडचे अभ्यासक तीवर विश्वास ठेवीत नाहीत. गोष्ट इतकी गोड जमून आली आहे की, संशय यावा हेच ठीक.

बापाची इच्छा ज्येष्ठ पुत्राने वकिली सांभाळावी अशी होती. त्यासाठी ज्यूलला पॅरिसला पाठविले. तेथे त्याने कायद्याची परीक्षा दिली खरी, परंतु मन रमले ते नाटकात. थोरल्या ड्यूमाची ओळख झाली, एका नाट्यगृहाच्या चिटणिसाची नोकरी मिळाली, आणि बापाने १८५२ साली आपली चालती वकिली देऊ केली असता मुलाने ती नाकारली. चालत आलेले अन्न लाथाडणाऱ्या मुलाविषयी बापास काय वाटले असेल, हे आपल्याकडील कोणत्याही पालकास उमजेल. इतके असूनही पिएर व्हर्नने त्याला टाकले नाही. मधूनमधून पैसे पाठविले आणि वाट पाहिली. ती वाट अकरा वर्षे पाहावी लागली.

१० जानेवारी १८५७ रोजी व्हर्नने ओनोरीन नावाच्या एका विधवेशी विवाह केला. तिला आधीच्या दोन मुली होत्या. संसार चालविण्यासाठी तो पॅरिसच्या शेअरबाजारात दलाल झाला. त्याने एक नेम धरला : पहाटे पाच वाजता उठून लिहावयास बसावयाचे, आणि मग पोटापाण्याच्या उद्योगास लागावयाचे. फावल्या वेळी ग्रंथालयात जाऊन भूगोल, खगोल, रसायन, नौकानयन ह्या विषयांवरील वर्तमानपत्रे व ग्रंथ वाचून त्यांतील माहिती तो चिठ्ठ्यांवर टिपून ठेवी. अखेरीस अशा चिठ्ठ्या वीस हजारांच्या वर गेल्या. व्हर्न हा कल्पनेच्या पंखांवर उडणारा लेखक अशी सर्वत्र समजूत आहे. पण ते पंख ह्या चिठ्ठ्यांचे होते. जो विद्यार्थी टिपणे काढण्याचा कंटाळा करतो त्याने हे पाहून ठेवावे. त्याच्या लग्नानंतर बरोबर चार महिन्यांनी, १० मे १८५७ रोजी, मीरत येथे शिपायांनी बंड पुकारले. पॅरिसच्या ह्या दलालाला तेव्हा कल्पनाही नसेल की, त्या आगीतून बाहेर पडलेला एक पुरुष पुढे आपल्या लेखणीतून उतरणार आहे.

१८६३ च्या जानेवारीत त्याची ‘पाच आठवडे विमानप्रवास’ अशा आशयाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यातील विमान म्हणजे वायूने भरलेला फुगा. प्रकाशक पिएर-जूल हेत्झेल हा मोठा कर्तबगार गृहस्थ. पुढील वर्षी त्याने कुटुंबातील लहानथोरांसाठी शिक्षण व करमणूक एकत्र देणारे पाक्षिक काढले आणि व्हर्नशी करार करून त्याला लेखनाच्या कामास कायमचे बांधून घेतले. शेअरबाजार सुटला. पृथ्वीच्या पोटातील प्रवास १८६४ मध्ये, चंद्राचा प्रवास १८६५ मध्ये, अशी पुस्तकांची रांग लागली. १८६५ सालीच जॉर्ज सँड ह्या नामांकित लेखिकेने त्याला पत्र लिहून समुद्राच्या पोटातील प्रवासावर लिहावे असे सुचविले. ते बीज त्याच्या मनात पडले.

बीजाला पाणीही लौकरच मिळाले. १८६७ साली व्हर्न आणि पॉल हे दोघे बंधू ‘ग्रेट ईस्टर्न’ ह्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या आगबोटीतून अमेरिकेस गेले. ह्याच बोटीने आदल्या वर्षी अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची तार घातली होती, आणि पुढे १८७० साली मुंबईपासून एडनपर्यंतची तारही हिनेच घातली. समुद्राचा तळ ज्यांनी चाचपून पाहिला होता अशा खलाशांच्या सहवासात व्हर्नने कित्येक दिवस काढले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच आरमाराच्या एका पाणबुडीची प्रतिकृती मांडलेली होती. पुढे त्याने मासेमारीची एक नाव विकत घेऊन तिला मुलाच्या नावावरून ‘सेंट मिशेल’ असे नाव दिले, आणि सागरतळाच्या कादंबरीचा बराचसा भाग त्या हलत्या नावेत बसून लिहिला.

ही कादंबरी १८६९ च्या मार्चपासून १८७० च्या जूनपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या नावातील वीस हजार लीगांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पुष्कळ लोक समजतात की, नौका इतकी खोल गेली. लीग म्हणजे सुमारे चार किलोमीटर. त्या हिशेबाने ऐंशी हजार किलोमीटर खोली होईल, आणि पृथ्वीचा व्यासही तेरा हजारांच्या आतच आहे! ही संख्या पाण्याखालून तोडलेल्या अंतराची आहे, खोलीची नव्हे.

कथा थोडक्यात अशी. समुद्रावर एक अजस्र प्राणी जहाजांना धडका देतो अशी आवई उठते. त्याच्या शोधार्थ निघालेला प्राध्यापक आरोनाक्स, त्याचा इमानी नोकर कॉन्सेय आणि तिमिंगल मारणारा नेड लँड हे तिघे समुद्रात पडतात, आणि तो प्राणी नसून पोलादी पाणबुडी आहे असे त्यांस कळते. तिचे नाव नॉटिलस; लांबी ७० मीटर, रुंदी ८ मीटर. तिच्यात विजेचे दिवे व विजेचीच चालनशक्ती आहे, बारा हजार ग्रंथांचे ग्रंथालय आहे, मोठा ऑर्गन आहे, आणि काचेच्या खिडकीतून समुद्राचे अंतरंग दिसते. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसे सागरतळावर चालतात. असे साधन दोघा फ्रेंचांनी त्यापूर्वी चारच वर्षे आधी खरोखर तयार केलेले होते. व्हर्न चुकलाही आहे. नॉटिलस बर्फाखालून जाऊन दक्षिण ध्रुव गाठते असे त्याने लिहिले. पण तेथे समुद्र नसून अवाढव्य खंड आहे. उत्तर ध्रुवाबाबत मात्र त्याची कल्पना खरी झाली. नॉटिलस हेच नाव धारण करणारी अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी १९५४ साली पाण्यात उतरली आणि १९५८ च्या ऑगस्टात बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नेमो ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ कोणीही नव्हे असा आहे. जगावर रुसलेला, जमिनीवर पाऊल न ठेवणारा, अफाट विद्वान, दीनांसाठी कळवळणारा आणि एका विशिष्ट राष्ट्राची जहाजे निर्दयपणे बुडविणारा हा पुरुष कोण? व्हर्नने प्रथम ठरविले होते की, तो पोलंडचा सरदार असावा. १८६३ साली पोलंडने रशियाविरुद्ध उठाव केला व तो चिरडला गेला. त्यात ज्याचे घरदार नष्ट झाले असा हा मनुष्य रशियाची जहाजे बुडवील, हे व्हर्नच्या दृष्टीने अगदी सरळ होते. हेत्झेल मात्र घाबरला. फ्रेंच पुस्तके रशियात खपत होती आणि तेथील सरकारचा रोष पत्करणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने सुचविले की, नेमो हा गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू दाखवावा. ते व्हर्नने मानले नाही. कारण तशाने नेमोचा सूड फिका पडतो असे त्याचे मत होते. दोघांत पुष्कळ पत्रव्यवहार झाला. अखेर तडजोड अशी निघाली की, नेमोचे राष्ट्र सांगावयाचेच नाही. लेखक उपजीविकेसाठी प्रकाशकावर अवलंबून होता, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

तरीही एक खूण पुस्तकात राहिली आहे. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणारा एक गरीब हिंदी पाणबुड्या शार्कच्या तावडीत सापडतो. नेमो केवळ सुरा घेऊन त्या माशावर धावून जातो, पाणबुड्याचे प्राण वाचवितो आणि त्याच्या हाती मोत्यांची पिशवी ठेवतो. मनुष्यजातीशी संबंध तोडलेल्या माणसाने हे का केले, असे प्राध्यापकाने विचारताच नेमो सांगतो की, हा मनुष्य पीडित देशाचा रहिवासी आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत आपणही त्याच देशाचे आहोत. हे लिहिताना व्हर्नच्या मनात पुढील कथा ठरली होती की नाही हे सांगणे कठीण. परंतु वाचकाच्या मनात ती येथेच सुरू होते.

उलगडा झाला तो १८७४–७५ साली, ‘गूढ बेट’ ह्या कादंबरीत. मरणोन्मुख नेमो तेथे आपली कुळकथा सांगतो. तो बुंदेलखंडातील एका राजाचा पुत्र, प्रिन्स डाक्कार. दहाव्या वर्षी बापाने त्याला युरोपात शिक्षणासाठी धाडले. उद्देश हा की, परत येऊन त्याने आपल्या देशाला वर काढावे. तो शास्त्रे, कला, भाषा शिकला, १८४९ साली परतला, विवाह केला, दोन मुले झाली. १८५७ चा उठाव झाला तेव्हा तो त्यात सर्वस्वानिशी उतरला. उठाव फसला, त्याची पत्नी, मुले, आईबाप मारले गेले. उरलेले द्रव्य आणि वीस विश्वासू सोबती घेऊन तो पॅसिफिक महासागरातील एका ओसाड बेटावर गेला आणि तेथे त्याने नॉटिलस बांधली. त्याची समाधी नॉटिलसच झाली. दोन्ही पुस्तकांतील सनांचा मेळ मुळीच बसत नाही. चिकित्सक विद्यार्थ्याने तो बसवून पाहावा, मौज वाटेल. डाक्कारला टिपू सुलतानाचा पुतण्या केले आहे, तेही बुंदेलखंडाच्या इतिहासाशी जुळत नाही. पण बुंदेलखंड हे नाव मराठी वाचकाला परके नाही. छत्रसालाच्या हाकेला पहिला बाजीराव तेथेच धावून गेला होता, आणि झाशीही त्याच प्रदेशात आहे.

व्हर्न हिंदुस्थानात कधीही आला नाही. तरी त्याच्या पुस्तकांत आपला मुलूख वारंवार येतो. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा फिलिआस फॉग मुंबईस उतरतो. त्याचा नोकर पासपार्तू मलबार टेकडीवरील देवळात पायांतील बुटांसह शिरतो आणि मार खातो. मग त्यांची आगगाडी कल्याणावरून निघते. तेथून पुण्याकडे जाणारा फाटा फुटतो हेही व्हर्नने नोंदविले आहे. कल्याण म्हणजे आपल्या नाणेघाटाचे पायथ्याकडील जुने बंदर. सातवाहनांच्या काळी समुद्रावरून आलेला माल ह्याच घाटाने जुन्नरास चढे, आणि येथील लेण्यांच्या शिलालेखांत यवन दात्यांची नावे आजही वाचता येतात. फॉगची गाडी मात्र नाशिकच्या दिशेने निघून गेली आणि आपला तालुका डोंगराआड राहिला!

१८८० साली आलेल्या ‘वाफेचे घर’ ह्या कादंबरीत खुद्द नानासाहेब पेशवे आहेत. कर्जतजवळच्या वेणगावी जन्मलेले व ब्रह्मावर्ती दुसऱ्या बाजीरावाच्या मांडीवर दत्तक गेलेले हे पुरुष व्हर्नने क्रूर खलनायक म्हणून रंगविले आहेत. पाच वर्षांपूर्वी त्याच उठावातील डाक्कारला थोर ठरविणाऱ्या लेखणीने हे लिहावे ह्याचे नवल वाटते. कल्पित बंडखोराला न्याय देणे सोपे असते. खऱ्या बंडखोराविषयी व्हर्नने इंग्रजी वृत्तपत्रांचेच म्हणणे स्वीकारलेले दिसते.

कीर्ती वाढली, पैसा आला. १८७१ पासून तो पत्नीच्या आमियाँ गावी स्थायिक झाला. सुख मात्र अखंड राहिले नाही. एकुलता पुत्र मिशेल उच्छृंखल निघाला. बापाने त्याला सुधारगृहात ठेवले, आणि १८७८ साली हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या जहाजावर उमेदवारीस धाडून दिले. ज्या बापाने स्वतःच्या बापाची वकिली नाकारली होती, तोच आपल्या मुलाशी इतका कठोर वागला. १८८६ च्या मार्चमध्ये मनोविकाराने ग्रासलेल्या एका पुतण्याने त्याच्यावर पिस्तूल झाडले. गोळी पायात लागली व व्हर्न जन्माचा लंगडा झाला. आठच दिवसांनी हेत्झेल वारला. आवडती नौका विकून टाकावी लागली. तरी पहाटेचा नेम मोडला नाही. १८८८ मध्ये तो आमियाँच्या नगरपालिकेवर निवडून आला आणि शाळा, नाट्यगृहे, रस्ते ह्यांच्या कारभारात त्याने सुमारे पंधरा वर्षे लक्ष घातले. मधुमेहाने जर्जर होऊन २४ मार्च १९०५ रोजी त्याचे निधन झाले. मागे राहिलेली हस्तलिखिते पुरी करून प्रसिद्ध केली ती त्याच मिशेलने.

महाराष्ट्राने व्हर्नला त्याच्या हयातीतच ओळखले होते. ‘केरळ-कोकिळ’ ह्या मासिकात १९०० सालापासून त्याच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूपांतर येऊ लागले. पुढे फुरसुंगीच्या फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत ह्यांनी त्याच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. सागरतळाच्या कथेस त्यांनी ‘समुद्र सैतान’ असे नाव दिले.

चित्रपटवाल्यांनीही ही कथा लौकरच उचलली. १९१६ साली अमेरिकेत निघालेल्या मूकपटासाठी विल्यमसन बंधूंनी बहामा बेटांजवळ एक लवचिक नळी पाण्यात सोडून तिच्या टोकाच्या कोठडीतून समुद्रातील खरी दृश्ये टिपली. त्या चित्रपटात नेमो हा हिंदी राजपुत्रच होता. १९५४ चा बोलपट रिचर्ड फ्लायशर ह्यांनी दिग्दर्शित केला. त्यांचे वडील हे डिस्नेंचे जुने प्रतिस्पर्धी. म्हणून काम पत्करण्यापूर्वी मुलाने बापाची अनुमती घेतली, ही त्यांची रीत मनास भावते. नेमोची भूमिका जेम्स मेसन ह्यांची, नेड लँडची कर्क डग्लस ह्यांची. पाण्याखालील चित्रण ह्याही वेळी बहामातच झाले. राक्षसी माकूळाशी झुंज प्रथम शांत समुद्र व सूर्यास्त अशा देखाव्यात चित्रित केली, तेव्हा तो प्राणी उघड उघड खोटा दिसू लागला. मोठा खर्च सोसून तीच झुंज रात्री, वादळात, लाटांच्या माऱ्यात पुन्हा घेतली, आणि आज लोकांच्या ध्यानात राहते ती हीच. कलादिग्दर्शन आणि चमत्कृतिदृश्ये ह्यांसाठी ह्या बोलपटाला दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली. हार्पर गॉफ ह्यांनी आखलेली, पाठीवर दातेरी कणा असलेली पोलादी नॉटिलस इतकी लोकप्रिय झाली की, पुस्तकातील साधी, विडीच्या आकाराची नौका लोक विसरून गेले.

ह्या बोलपटातील नेमो एका तुरुंगबेटावरून निसटलेला कैदी आहे. त्याच्या पत्नीचा व मुलाचा छळाने अंत झाला, इतके सांगितले जाते. राष्ट्राचे नाव निघत नाही. हेत्झेलने रशियाच्या भीतीने जे झाकले, तेच सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी डिस्नेंच्या चित्रातही झाकलेले राहिले. त्यामुळे जगातील लक्षावधी मुलांच्या मनात नेमो म्हणजे काळ्या दाढीचा एक इंग्रज, अशीच मूर्ती ठसली. चित्रपटाच्या गुणांत ह्याने उणेपणा येत नाही; परंतु सिंहलद्वीपाजवळच्या त्या गरीब पाणबुड्याचा प्रसंग आपल्या मुलांनी पुस्तकातून अवश्य वाचावा, कारण बोलपटात तो त्यांना सापडणार नाही. पुढे २००३ साली निघालेल्या एका इंग्रजी चित्रपटात नेमोच्या डोक्यावर फेटा आला, आणि त्या वेळी ही भूमिका नसीरुद्दीन शाह ह्यांनी केली.